बिस्किटांच्या डब्यातला पास

पत्र मंगळवारी आलं. मी ते कचेरीत वाचलं. दुपारी मी भावाच्या दुकानात गेलो. भावाने विचारलं, कागदात काय आहे. मी जे सांगितलं ते कागदात नव्हतं.

हे कुवेतमध्ये घडलं, बासष्टच्या सुरुवातीला, थंडीत. भाऊ आता नाही. त्याला जाऊन आठ महिने झाले. दर शुक्रवारी नमाजानंतर मी खोलीवर परत येतो आणि एखादं पान लिहितो. काही शुक्रवारी अर्धंच होतं. घाई करण्यासारखं काही उरलेलं नाही.

भाऊ शिंपी होता, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या तोंडाशी. गावातला पुरुष वयात आला की बोटीवर जाई, नाहीतर आफ्रिकेत, नाहीतर आखातात. भाऊ आधी नैरोबीला गेला. सात वर्षं तिथे एका मोठ्या दुकानात कोट शिवले, मग गावी आला, वर्षभर बसला, आणि मग कुवेतला आला. मी मॅट्रिक झालो होतो. भावाने मला बोलावून घेतलं आणि मी कापड आयात करणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे पत्रव्यवहार सांभाळायला लागलो. भावाला उर्दू वाचता येई, इंग्रजी येत नसे. त्याचे सगळे कागद मी वाचायचो, गावचेसुद्धा. आमच्याकडे पत्राला कागदच म्हणतात. मी खोलीत पडल्या पडल्या पुस्तकं वाचायचो म्हणून तो मला मुन्शी म्हणे. कधी लाडाने म्हणे, पण बहुतेक वेळा चिडवायला.

त्याचं दुकान जुन्या बाजारात, कापडवाल्यांच्या गल्लीमागे होतं. दोन मशिनं, कापायचं एक टेबल, कोळशाची इस्त्री, आणि खुंट्यांवर अर्धे शिवलेले कपडे. शेजारी एका मलबारी माणसाचं औषधांचं दुकान होतं. उन्हाळ्यात दोघे मिळून दोन्ही दारांवर एकच ओलं पोतं टांगत आणि ते कोणी भिजवायचं यावरून दिवसभर भांडत.

भावाची एक रीत होती. नैरोबीच्या उस्तादाने ती त्याला लावलेली. कपडा टेबलावर आला की माप घेण्याआधी, इस्त्री फिरवण्याआधी, खिसे रिकामे करायचे. जे निघेल ते एका पिशवीत घालायचं, पिशवीला लाल दोऱ्याने चिठ्ठी बांधायची आणि पिशवी डब्यात ठेवायची. डबा विलायती बिस्किटांचा होता, झाकणावर घोडागाडीचं चित्र. गिऱ्हाईक कपडा न्यायला आलं की पिशवी हातात द्यायची आणि दोरा कापायचा. गिऱ्हाईक आलंच नाही तर पिशवी डब्यात राहायची, कितीही वर्षं. आणि गिऱ्हाईक वारल्याचं कळलं तर भाऊ लाल दोरा सोडी, पांढरा बांधी, फातिहा पढे, आणि वारस येईपर्यंत वाट पाही. एका बोटीच्या नाखव्याची तसबीह, म्हणजे जपाची माळ, अशी दोन वर्षं पांढऱ्या दोऱ्यात होती. मग त्याचा मुलगा आला आणि घेऊन गेला.

मी एकदा म्हटलं, "भाय, दोरा बदलून काय फरक पडतो? वस्तू तीच."

"तुला नाय पडत," तो म्हणाला. "डबा उघडल्यावर मला कळाय नको, कोणाची वाट बघायची नि कोणाची नाय?"

एकसष्टच्या उन्हाळ्यात इंग्रज फौज उतरली. कुवेत स्वतंत्र होऊन दोन आठवडेही झाले नव्हते आणि शेजारचा देश त्यावर हक्क सांगत होता. बाजारात सगळे रेडिओभोवती बसलेले असत. पलटणी उत्तरेला वाळवंटात टेकडीवर जाऊन बसल्या. गावात आम्हाला त्यांचे फक्त ट्रक दिसत, आणि उन्हाने सोललेले चेहरे. लढाई झाली नाही. माणसं उन्हाने मात्र पडत होती, असं औषधवाला सांगे.

तो अधिकारी जुलैच्या अखेरीस दुकानात आला. वय सत्तावीस-अठ्ठावीस असेल. नाकाची कातडी निघालेली. हातात एक जुना खाकी कोट आणि एक नवा. गोऱ्यांच्या वकिलातीत जेवण होतं, तिथे त्याला नवा कोट घालून जायचं होतं. जुन्या कोटाच्या छातीवरच्या पदकांच्या फिती उन्हाने आणि धुण्याने विटल्या होत्या. बाजारात फितीचं काम जाणणारा एक शिंपी आहे असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. मी त्या दिवशी कचेरीतून लवकर सुटून दुकानात बसलो होतो, म्हणून दुभाषा झालो.

भावाने नेहमीप्रमाणे दोन्ही कोटांचे खिसे रिकामे केले. मिठाच्या गोळ्या, शिट्टी, पेन्सिलीचा तुकडा, आणि पक्ष्यांची एक छोटी चोपडी निघाली. चोपडीच्या समासात बारीक अक्षरात काहीबाही लिहिलं होतं. अधिकारी हसला.

"तुमचे भाऊ झडती चांगली घेतात," तो मला म्हणाला. "आमच्या हवालदारांना शिकवायला न्यायला हवं."

मी ते भावाला सांगितलं. भाऊ हसला नाही. त्याने पिशवीला दोरा बांधला. मग तो कोटावर वाकला आणि फितींवरून बोट फिरवलं. तीन फिती होत्या. पहिली पांढरी, मध्ये जांभळा पट्टा. दुसरी जांभळी, मध्ये हिरवा. तिसरी पिवळी, काठाला काळी, मध्ये दोन बारीक हिरव्या रेघा.

"ही पिवळी बघ," भाऊ आमच्या बोलीत मला म्हणाला. "हा आमच्याकडे होता."

आमच्याकडे म्हणजे नैरोबीला. नैरोबीबद्दल तो एरवी बोलत नसे. तिथे गोऱ्यांच्या राज्याविरुद्ध बंड झालं होतं आणि सरकारने पलटणी आणल्या होत्या, एवढंच मला वर्तमानपत्रांतून माहीत होतं. भाऊ तिथे असतानाच्या काळातलं ते होतं. घरी आल्यावर आईने विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "गडबड होती," आणि जेवायला बसला होता.

मी अधिकाऱ्याला विचारलं, पहिली फीत कशाची. मला ते विचारायला नको होतं बहुधा, पण पुस्तकात वाचलेल्या गोष्टी समोर आल्या की माझं असं होई.

"शौर्याची," तो म्हणाला. सहज म्हणाला, जसं कोणी आपल्या रक्ताचा गट सांगतो. डोंगरातल्या जंगलात ओढ्याच्या काठी त्याची तुकडी गोळीबारात सापडली होती. दोन जखमी पलीकडे राहिले होते. तो जाऊन त्यांना घेऊन आला. "सरकारी कागदावर लिहिलंय की मी तीन वेळा ओढा ओलांडला. मला दोनच वेळा आठवतात. पण कागदावर तीन आहे, म्हणून मी तीन सांगतो."

"मग तिसऱ्या वेळी कोण गेलं?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "तेच मी सात वर्षं विचारतोय," तो म्हणाला.

भावाने आठ दिवसांनी यायला सांगितलं. त्या आठ दिवसांत भाऊ औषधवाल्याशी पोत्यावरून एकदाही भांडला नाही, तेव्हा औषधवाल्याने मला बाजूला घेऊन विचारलं, तब्येत बरी आहे ना.

अधिकारी आला तेव्हा मी मुद्दाम हजर होतो. कोट तयार होता. फिती नव्या होत्या. भावाने नैरोबीहून आणलेल्या साठ्यातल्या कापून, बकरमाच्या कडक कापडावर शिवून, अशा बसवल्या होत्या की टाका दिसत नव्हता. जुन्या फितींची पट्टी टेबलावर पडली होती. आणि बिस्किटांचा डबा उघडा होता. एरवी तो कधी उघडा नसे. सगळ्यात वर एक पास होता, पुठ्ठ्याचा, घड्या पडलेला, अंगठ्याचा ठसा असलेला. त्याला लाल दोरा बांधला होता. मी तो त्याआधी कधी पाहिला नव्हता.

अधिकाऱ्याने आपली पिशवी घेतली, चोपडी खिशात घातली, आणि त्याची नजर पासावर पडली. तो खाली वाकला. मग त्याने भावाला काहीतरी विचारलं. इंग्रजीत नाही, आफ्रिकेतल्या कुठल्यातरी भाषेत.

भावाने त्याच भाषेत उत्तर दिलं.

पुढचा अर्धा तास ते दोघे बोलत होते आणि मी, मॅट्रिक झालेला, कचेरीची इंग्रजी पत्रं लिहिणारा, बाकावर बसून होतो. दोघांचीही ती भाषा नव्हती. दोघेही ती अडखळत, खालच्या आवाजात बोलत होते. मध्येच भावाने दारापर्यंत चालून दाखवलं, बोटांनी दोन मोजून दाखवलं, आणि परत येऊन उभा राहिला. अधिकाऱ्याने मान हलवली, पुन्हा हलवली, नाही म्हटल्यासारखी. शेवटी त्याने पक्ष्यांची चोपडी काढली आणि मागच्या कोऱ्या पानावर पासाचा नंबर उतरवून घेतला. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत माझ्या कचेरीचा पोस्ट बॉक्स विचारला.

जाताना त्याने भावाशी हात मिळवला. कोट हातावर टाकला आणि गेला. जुनी पट्टी टेबलावर राहिली. भावाने तिलाही लाल दोरा बांधला.

आम्ही तेव्हा बनेद अल-गारला, समुद्राजवळ एका खोलीत राहत होतो. संध्याकाळी किनाऱ्याने चालत घरी जाताना भावाने मला सांगितलं. त्याने एकदाच सांगितलं, पुढे कधीच नाही, म्हणून मला ते जसंच्या तसं आठवतं.

नैरोबीच्या दुकानात इस्त्रीला एक माणूस होता. तिथलाच, काळा, भावाच्याच वयाचा. सहा वर्षं दोघे एका टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहिले. ती भाषा भावाला त्यानेच शिकवली. उरल्या कापडातून भावाने त्याला एक कोट शिवून दिला होता. एका सकाळी त्या कोटाचं अस्तर उसवलं होतं. भाऊ म्हणाला, आण, टाका घालून देतो. कोट टेबलावर आला. भावाचा हात रिवाजाप्रमाणे खिशात गेला. पास निघाला, काळ्या माणसाला शहरात राहायला लागणारा सरकारी परवाना; तो डब्यात गेला. अस्तर शिवून झालं, त्या माणसाने कोट अंगात घातला आणि तयार सूट पोचवायला बाहेर पडला. पिशवी परत द्यायची ती गिऱ्हाइकाला. तो गिऱ्हाईक नव्हता. म्हणून दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

त्याच सकाळी पलटणींनी सगळं शहर घेरलं होतं. काळ्या माणसांना पकडून ट्रकांत भरत होते आणि पास तपासत होते.

"तासाभराने डबा उघडला," भाऊ म्हणाला. "वर तोच. मी घेतला नि बाहेर पडलो. कोपऱ्यावर शिपाई होते. ट्रक उभे होते, माणसं हात डोक्यावर ठेवून बसवलेली. मी दोन दुकानं पुढे गेलो."

"मग?"

"मग काय. दोन दुकानं. परत आलो."

भावाने चपलेतली वाळू झटकली.

"चौथ्या दिवशी चौकशीला गेलो, तर टेबलावरच्या गोऱ्याने विचारलान, तुझा नोकर होता तर चार दिवस कुठे होतास? आमच्या पुढच्या दुकानातला माणूस पास दाखवून त्याच संध्याकाळी सुटून आलेला. मी माझ्या डोळ्यांनी बघितला."

"आणि आज दुकानातला साहेब काय म्हणाला?"

"साहेब तेव्हा नवा, वीस वर्षांचा. शहराच्या दुसऱ्या टोकाला ट्रकाजवळ उभा होता, म्हणाला. म्हणाला, पास असता तरी काय फरक नव्हता. त्या दिवशी आम्ही त्याच्या जमातीचे सगळेच उचलले."

"मग झालं तर," मी म्हणालो.

"माझ्या समाधानासाठी बोललान तो," भाऊ म्हणाला. "बरा माणूस हाय. मी सांगितलं, साहेब, ते सोडा, माणूस कुठाय तेवढा बघा. म्हणाला, तिकडे सरकारी कामात एक दोस्त हाय, त्याला लिवतो."

पावसाळा संपल्यावर, म्हणजे आमच्या गावचा पावसाळा, इंग्रज फौज निघून गेली. तिच्या जागी निरनिराळ्या अरब देशांचे शिपाई आले. त्यांच्या गणवेशाची बटणं भावाने लावली. दर आठवड्याला तो एकदा विचारी, "साहेबाचा कागद?" मी नाही म्हणे. मला वाटलं होतं, कागद येणार नाही. फौजी माणूस, आज इथे, उद्या तिसरीकडे.

कागद आला. दीड पान, हाताने लिहिलेलं, आमच्या पोस्ट बॉक्सवर, माझ्या नावे. पलटणीचा पत्ता वर छापलेला. मी तो मालाच्या बिलांच्या ढिगावर ठेवून वाचला. त्यातला मजकूर असा होता: मी तुमच्या भावाला दुकानात सांगितलं की पास असता तरी फरक पडला नसता. ते मी न पाहता सांगितलं होतं. आता माझ्या मित्राने वह्या पाहिल्या आहेत. त्या दिवशी पास दाखवलेली काही माणसं संध्याकाळी सोडलेली आहेत. या माणसाच्या नावापुढे लिहिलं आहे: पास नाही. त्याला छावणीत पाठवलं. तिथे दुसऱ्या वर्षी तो आजारपणाने वारला. कबरीची खूण नाही. मला खोटं सांगितल्याबद्दल माफी मागायची आहे, आणि खरं सांगितल्याबद्दलही. पण तुमच्या भावाने मला सरळ विचारलं होतं. हे पत्र तुम्ही त्यांना वाचून दाखवलंत का, ते कृपा करून कळवा. मला ते कळायला हवं आहे.

त्याला फीत ज्या कामगिरीबद्दल मिळाली ती मी पाहिली नाही. तो ओढा त्याने दोनदा ओलांडला की तीनदा, मला माहीत नाही. हे पत्र लिहायला त्याला कोणी हुकूम दिला नव्हता, एवढं मला माहीत आहे.

मी दुकानात गेलो. भाऊ एका शाळेचे गणवेश शिवत होता. माझ्या हातातलं पाकीट आणि त्यावरचं राणीचं तिकीट त्याने लांबूनच पाहिलं. मशिनचं चाक हाताने थांबवलं. सुई वर घेतली, बोटातलं टोपण काढून टेबलावर ठेवलं.

"काय लिवलान?"

मी पत्र उलगडलं. त्याच्याकडे पाहिलं. त्याने डोक्यावरची टोपी नीट केली होती, मौलवीसमोर बसल्यासारखी.

"सुटला," मी म्हणालो. "वर्षाच्या आत सुटला. गावी गेला."

"गावी?"

"हो. डोंगरात कुठेतरी. शेती करतो."

भाऊ उठला, दारात गेला आणि औषधवाल्याला ओरडून सांगितलं की आजपासून महिनाभर पोतं मी भिजवणार. थंडी होती. पोतं कधीच काढून ठेवलं होतं. औषधवाला बाहेर येऊन म्हणाला, "हा काय प्यायला आहे का?" भावाने सगळ्या गल्लीला चहा पाजला. मीही प्यालो.

तिसऱ्या दिवशी त्याला पास आठवला. "त्याचा पास धाडायला हवा. पत्ता बघ."

"पत्ता नाही लिहिलेला."

"मग साहेबाला इचार. नि तो कागद इकडे दे. पासाबरोबर राहू दे."

मी कागद दिला. न देण्याचं कारण मला सांगता आलं नसतं. पास, फितीची पट्टी आणि पत्र एका पिशवीत गेले, लाल दोरा बसला. औषधवाल्याला इंग्रजी येत होतं, मध्ये फक्त एक भिंत होती, आणि मी कचेरीत बसून दिवसातून दहा वेळा त्या भिंतीचा विचार करत असे. एकदा मी म्हटलं, साहेबाचा पत्ता उतरवायचा आहे, कागद दे. भाऊ म्हणाला, "पत्ता पाकिटावर नव्हता काय? एवढी पुस्तकं पाठ करतोस." मग मी विषय काढला नाही. साहेबाला लिहिलंय, उत्तर यायचंय, असं सांगत राहिलो. मी काही लिहिलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात भावाने निळ्या लोकरी सर्जचा एक कोट कापला. माप पाठ होतं, तो म्हणाला, डावा खांदा बोटभर खाली. आतल्या खिशाला त्याने झाकण लावलं आणि झाकणाला बटण.

"बटण कशाला?" मी विचारलं.

"माझ्यासारख्या गाढवाचा हात आत जाऊ नये म्हणून."

कोट कच्च्या शिलाईत बरेच महिने खुंटीवर होता. पत्ता मिळाला की पक्का करायचा होता. मग एका गुरुवारी मी गेलो तर खुंटी रिकामी होती. मी विचारलं. भाऊ म्हणाला, पुरा केला, मशिदीच्या रखवालदाराला दिला, म्हातारा थंडीत कुडकुडतो. मी म्हटलं, बरं केलंस. त्या रात्री तो जेवला नाही, पोट बिघडलंय म्हणाला. त्यानंतर त्याने साहेबाच्या कागदाबद्दल कधी विचारलं नाही.

मला हायसं वाटलं होतं. ते इथे लिहून ठेवतो. मला वाटलं, माणूस विसरतो. ज्याला आपण वाचवलं तो हळूहळू बरा होतो, असं मी बऱ्याच पुस्तकांत वाचलं होतं.

पुढची वर्षं नेहमीसारखी गेली. जुन्या बाजाराच्या काही गल्ल्या पाडल्या, आमची राहिली. भावाने विजेची इस्त्री घेतली आणि तिला शिव्या घातल्या. गावी दोनदा जाऊन आलो. पन्नाशीच्या आत त्याची नजर मंदावली, सुईत दोरा मी ओवून देऊ लागलो, दहा-दहा सुया एकदम, कचेरीत जायच्या आधी. तेवढ्यात तो माझी टर उडवी: "बघा, मुन्शी कामाला आला."

गेल्या हिवाळ्यात तो मशिनवर असताना छातीत दुखू लागलं. इस्पितळात तो दोन दिवस होता. दुसऱ्या दिवशी त्याने मला विचारलं, दुकानाला कुलूप लावलंस ना, आणि कोणाचे कपडे कोणत्या खुंटीवर आहेत ते सांगितलं. त्याला इथल्याच कबरस्तानात ठेवलं.

चाळिसावा झाल्यावर मी दुकान उघडलं. कपडे ज्याचे त्याला दिले. मग डबा घेतला. लाल दोऱ्याच्या चार पिशव्या होत्या, त्याही माणसं शोधून पोचवल्या. तळाशी जी पिशवी होती तिच्यात पास, पट्टी आणि पत्र होतं. दोरा पांढरा होता.

मी तो बराच वेळ पाहिला. नवा नव्हता. पिवळट झाला होता, गाठीत धूळ बसली होती. शेवटच्या वर्षांत भावाला गाठ दिसत नसे, बारीक गाठी मीच मारून देई. ही गाठ त्याची होती, घट्ट, दोन टोकं सारख्या लांबीची. डोळे चांगले होते तेव्हाची.

मी शेजारी गेलो. औषधवाला बाटल्या पुसत होता. मी त्याला पत्र दाखवलं. त्याने ते हातात घेतलं नाही.

"हे तुम्ही त्याला वाचून दाखवलंत?" मी हिंदीत विचारलं.

"मला तेव्हा काय ठाऊक होतं, आत काय आहे?" तो म्हणाला. "सहा वर्षं झाली असतील. हे पत्र आणि एक निळा कोट घेऊन आला होता. म्हणाला, आमचा मुन्शी आळशी आहे, साहेबाला लिहितो लिहितो म्हणतो. तुम्ही वरचा पत्ता उतरवून द्या, मीच पाठवतो. मी पत्ता उतरवला. मग म्हणाला, आता उघडलंच आहे तर एकदा वाचा, ऐकायला बरं वाटतं. मी वाचायला लागलो. मध्येच माझ्या लक्षात आलं, थांबलो. तर म्हणाला, पुढे वाचा. सगळं वाचून घेतलं. ती एक ओळ दोनदा."

"कोणती ओळ?"

"पास नाही, ती."

त्याने बाटली फळीवर ठेवली.

"मी म्हटलं, तुझ्या भावाने तुला असं का सांगितलं? तर हसला. खरंच हसला, खोटं नाही सांगत. म्हणाला, त्याला काही बोलू नका. जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचत आला, पहिल्यांदा काहीतरी स्वतः रचलंय. त्याला राहू द्या ते." मग औषधवाला म्हणाला, "पत्ता मी उतरवून दिला होता. त्याने ती चिठ्ठी फाडून टाकली."

मी दुकान दोन महिन्यांनी सोडलं. आता तिथे घड्याळवाला आहे. जे भावाला कळू नये म्हणून मी एवढी वर्षं जपलं, ते त्याला कळलेलं होतं. तो ते घेऊन रोज माझ्याशेजारी जेवला, आणि मी त्याच्याशी त्याबद्दल एक शब्दही बोललो नाही, कारण मला वाटत होतं की बोलण्यासारखं काही नाही. हे मी आठ महिन्यांत बऱ्याच वेळा लिहून पाहिलं. यापेक्षा जास्त लिहिता येत नाही.

डबा माझ्या खोलीत आहे. त्यात पास आहे, तीन विटक्या फितींची पट्टी आहे आणि पत्र आहे. पासाचा वारस कोण, मला माहीत नाही. पत्राच्या वर पलटणीचा पत्ता छापलेला आहे. साहेबाने पत्रात जे विचारलं होतं त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.